तिसरा टेक

माझी मुलगी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. तिची आई जाऊन तेव्हा वर्षही व्हायचं होतं. दुपारी मी केलेली शेवभाजी आम्ही दोघं जेवत होतो. ती फार तिखट झाली होती, पण दोघांपैकी कोणी तसं म्हणत नव्हतं. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, मला गोणपाट्या पुन्हा करायचाय."

गोणपाट्या म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वी मी काढलेला अहिराणी पिक्चर. त्याचं सीडीवर छापलेलं नाव वेगळं होतं, ते आता मलाही आठवायला वेळ लागतो. लोकांनी त्याला खुन्याच्या नावानंच ओळखलं. गोष्ट चार ओळींची. एक बंद पडलेली कापसाची जिनिंग, तिथं मजा करायला आलेली पाच पोरं-पोरी, आणि डोक्यावर गोणपाटाची खोळ घालून विळ्यानं त्यांना एकेक करून मारणारा माणूस. तो का मारतो हे आम्ही सांगितलंच नव्हतं. आम्हालाही ते माहीत नव्हतं.

मी तिला म्हणालो, आता कशाला ते उकरून काढतेस, त्या पिक्चरमध्ये होतं तरी काय. ती म्हणाली की पुण्यातल्या ज्या कंपनीत ती काम करते, त्यांना मोबाईलवर बघण्यासाठी गावाकडचे भयपट हवे आहेत. तिच्याबरोबरच्या पोरांनी गोणपाट्या फोनवर पाहिला होता, चौकोन चौकोन पडलेली वाईट कॉपी, तरी पाहिला होता. एकानं त्यावर इंटरनेटवर मोठा लेख लिहिला होता. तिनं मला तो जेवताना वाचून दाखवला. त्यात कॅमेऱ्याबद्दल थोडं होतं, माझ्याबद्दल त्याहून थोडं. बाकी सगळं तिच्या आईबद्दल. शेवटी ती पळता पळता थांबते, पोटावर हात ठेवते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते, त्या एका नजरेबद्दल त्या पोरानं दोन परिच्छेद लिहिले होते.

वाचताना मुलीचा आवाज भरून आला. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. तिला वाटलं, मलाही भरून आलंय. ते खोटं नव्हतं, पण कारण वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिक्चरच्या हक्कांचा कागद पुढे केला आणि मी सही केली. नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

*

माझा धुळ्यात लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसायची, कॅमेरा कपाटात आणि मी ओट्यावर. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात पिक्चर काढायचं डोक्यात आलं. तेव्हा आमच्याकडे अहिराणी सीडीची लाट होती. सगळे विनोदी काढायचे. मी म्हटलं, आपण भीतीचा काढू.

खुनी कोण होणार हा प्रश्न नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. तिथले मास्तर उंचपुरे, खांदे रुंद, आणि स्वभाव असा की दुकानात चिमणी शिरली तर पंखा बंद करून बसायचे. त्यांनीच गोणपाटाची खोळ शिवली, डोळ्यांना दोन भोकं ठेवली आणि आतून मऊ कापडाचं अस्तर लावलं, कारण गोणपाट गालाला टोचतं. घालून आरशात पाहिलं आणि स्वतःच घाबरून काढून ठेवली. पुढं पिक्चर गाजला तेव्हा लहान पोरं त्यांच्या दुकानासमोरून पळत जायची. ईदला शिरखुर्मा द्यायला आले की आमच्या शेजारची पोरगी पलंगाखाली लपायची. मास्तरांना त्याचं वाईट वाटायचं. ते कोणाला बोलून दाखवत नसत, पण दुकानात त्यांनी गोळ्यांची बरणी ठेवायला सुरुवात केली ती त्यानंतरच.

शूटिंग अमळनेरजवळच्या एका बंद जिनिंगमध्ये होतं. मालक ओळखीचा होता. आत पत्र्याची मोठी शेड, गंजलेली यंत्रं, आणि एका कोपऱ्यात कोणी न उचललेल्या खराब रुईचा माणसाहून उंच ढीग. रात्रीचे सीन आम्ही भरदुपारी घ्यायचो. भिंगावर निळा जिलेटिन कागद लावला की दुपारची रात्र व्हायची. खरी रात्र परवडणारी नव्हती, वीज जायची, आणि पोरींना दिवेलागणीच्या आत घरी पोहोचवायचं कबूल केलेलं होतं. रक्त साखरेच्या पाकाचं, त्यात खायचा लाल रंग. मुंग्या लागायच्या. मेलेली पोरं मध्येच उठून अंग झटकायची.

नायिका म्हणून जळगावहून नाटकात काम करणारी एक मुलगी येणार होती. ती पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी तिच्या भावांचा निरोप आला. सगळे डोक्याला हात लावून बसले. माझी बायको बाजूला तीन दगडांच्या चुलीवर सगळ्यांसाठी पिठलं करत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नको म्हटलं. ती पदर खोचत म्हणाली, काय करायचं असतं त्यात, पळायचंच ना?

तिनं कधी शाळेच्या गॅदरिंगमध्येही काम केलेलं नव्हतं. पण तिला खोटं करता यायचं नाही, तेच तिच्या कामी आलं. शेडमध्ये शिरताना तिला एकच वाक्य होतं, कोण आहे तिथं, आपल्या अहिराणीत, "कोन शे तठे?" ते तिनं असं विचारलं की आम्ही सगळ्यांनी एकदम शेडच्या आतल्या कोपऱ्याकडे वळून पाहिलं, जणू खरंच आत कोणी असावं. पिक्चर आल्यावर ते वाक्य सगळ्या खानदेशात झालं. एसटी स्टँडवर, रसवंतीवर, कुणी दार वाजवलं की आतून तेच. भाजीबाजारात टवाळ पोरं तिच्या मागून ओरडायची. एकदा ती मेथीची जुडी हातात धरून मागे वळली आणि म्हणाली, "मी शे. तुनी माय." पोरं पळाली. भाजीवाल्या बाईनं त्या दिवशी मेथी तशीच दिली.

ठरलेल्या गोष्टीत शेवटी ती वाचणार होती. गोणपाट्याला यंत्रात ढकलून, भिंतीवरून उडी मारून हमरस्त्यावर येणार होती. पडद्यावर मात्र ती मरते. पळता पळता थांबते, बघते, आणि पुढच्या चित्रात रुईच्या ढिगात पडलेली असते. शेवट का बदलला असं कोणी विचारलं की मी सांगायचो, सगळे पिक्चर नायिकेला वाचवतात, मला वेगळं करायचं होतं. लोक मान डोलवायचे. त्या लेखातही ते धाडस म्हणून लिहिलेलं होतं.

*

बायकोची मूत्रपिंडं गेली तेव्हा ती पंचेचाळिशीची होती. आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिसला जायचो. चार तास ती पडून असायची, मी बाजूला स्टुलावर. नळीतून तिचं रक्त यंत्रात जायचं आणि परत यायचं. एकदा ती किती तरी वेळ त्या नळीकडे बघत होती. मला वाटलं घाबरली असेल. ती म्हणाली, "तुमनं रगत भलतं लाल व्हतं. खरं पहा ना, काळं शे."

मला कळायला वेळ लागला की ती पिक्चरबद्दल बोलतेय. आम्ही दोघं हसलो. नर्सनं वळून पाहिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. चार तास होते, आठवड्यातून दोनदा, असं जवळजवळ दोन वर्षं. मी तिला पेपर वाचून दाखवला, मोसंबी सोलून दिली नाही कारण ती चालत नव्हती, बिछान्याची कळ फिरवून डोकं वर-खाली केलं. ती गोष्ट मात्र काढली नाही. आज काढू, उद्या काढू, असं करत राहिलो. एका सोमवारी तिला धाप लागली आणि बुधवारी ती गेली.

*

मुलीनं शूटिंगसाठी असोद्याजवळ एक गोदाम घेतलं. अमळनेरची ती जिनिंग पाडून तिथं आता प्लॉट पडलेत. मला तिनं सल्लागार म्हणून बोलावलं. मी मास्तरांना घेऊन गेलो. ते आता सत्तरीला टेकलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुकान जावई बघतो.

तिथलं सगळं पाहून आम्ही दोघं गांगरलो. दोन कॅमेरे, वर उडणारा तिसरा, जे चाललंय ते बघायला टीव्ही, प्रत्येकाच्या कानात काहीतरी. नव्या गोणपाट्याला कारण दिलेलं होतं. तो जिनिंगमध्ये हमाल असतो, यंत्रात त्याचा भाऊ जातो, मालक प्रकरण दाबतो. मुलगी म्हणाली की आताच्या प्रेक्षकाला तो का मारतो हे कळावं लागतं. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले की आमचा बिनकारणी होता बेटा, म्हणून तर मलाही त्याची भीती वाटायची. ती हसली. तिनं ते वहीत लिहून घेतलं, बदललं मात्र नाही.

नव्या गोष्टीत शेवटची मुलगी वाचते. तिनं आधी मला विचारलं होतं, तुमचा शेवट बदलला तर चालेल का. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की ती माझ्याकडे बघत राहिली.

रक्त कालवणाऱ्या पोराला मी सांगितलं, इतकं लाल करू नको, थोडं काळं कर. त्यानं काहीतरी कॉफीसारखं मिसळलं. मुलीनं विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत. मी म्हणालो, तुझी आई म्हणायची.

चार दिवस बरे गेले. मुलीला काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती ओरडत नाही. कोणाचं चुकलं तर त्याच्याजवळ जाऊन बोलते. जेवायला बसताना आधी लाईट धरणाऱ्यांची ताटं वाढली का ते बघते. हे तिनं कोणाकडून घेतलं ते मला कोणी सांगायला नको होतं.

पाचव्या दिवशी शेवटची धाव होती. नव्या नायिकेला गोदामाच्या एका टोकापासून कापसाच्या ढिगापर्यंत पळायचं होतं, मध्येच थांबून मागे वळायचं होतं, आणि मग दाराकडे. नायिका जळगावचीच, कॉलेजात शिकणारी, हुशार पोरगी. मुलीनं तिला टीव्हीसमोर बसवलं आणि जुना पिक्चर लावला. मास्तर आणि मी मागे खुर्च्यांवर होतो.

पडद्यावर माझी बायको पळत होती. निळी दुपार, अंगावर साखरेचं रक्त, केस सुटलेले. ती थांबली. हात पोटावर गेला. तिनं बघितलं.

मुलीनं चित्र तिथंच थांबवलं. म्हणाली, "हे बघ. आईला कोणी शिकवलं नव्हतं. हा हात पोटावर जातो ना, तो तिला आतून सुचलाय. मला हेच पाहिजे."

मग मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा ती पळाली, थांबली, हात पोटावर. मुलगी पुन्हा मागे गेली. पाच-सहा वेळा तरी असेल. नायिका उभी राहून तसा हात ठेवून बघायला लागली. मुलगी म्हणाली, इतकं खाली नाही, थोडा वर. मी उठून बाहेर आलो.

बाहेर केळीची पानं वाळत पडली होती, त्यांच्याजवळ एक उलटा टब होता, त्यावर बसलो. मास्तर मागून आले. जुन्या पिक्चरच्या त्या धावेत खोळ घालून तिच्या मागे तेच पळत होते. सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, आते सांगी टाका. पोरगी मोठी व्हई गयी."

*

काय झालं होतं ते मी मुलीला त्याच टबाजवळ सांगितलं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. ती हातात ताट घेऊन मला बोलवायला आली होती.

लग्नानंतर चार वर्षांत तिच्या आईचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना होता, आणि हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, पुन्हा काही झालं तर बोलणी नकोत म्हणून. नायिकेची जागा तिनं घेतली त्याच संध्याकाळी मी तिला म्हणालो होतो की थांबवू, नंतर बघू. ती म्हणाली होती, "माले काही व्हत नही. पानी भराले जास तव्हय मी यानापेक्षा जास्ती पळस." मलाही ते मानायला सोयीचं होतं. पिक्चरसाठी मोठा कॅमेरा जळगावहून भाड्यानं आणलेला होता आणि शेवटच्या धावेच्या दिवशी संध्याकाळी परत द्यायचा होता.

शेवटची धाव. पहिला टेक चांगला झाला होता, पण मध्येच एक शेळी शेडमध्ये शिरली. दुसऱ्या टेकला मास्तरांची खोळ फिरली, त्यांना दिसेना, ते यंत्राला धडकले. सगळे हसले. तीही हसली, पण हसताना वाकली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोटमा कसंतरी व्हई ऱ्हायनं." मी भिंगावरचा निळा कागद नीट करत होतो. उन्हं कलायला लागली होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, फक्त एक. शेवटचा.

ती गेली आणि पळाली. अर्ध्यावर थांबली, हात पोटावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही. माझ्याकडे. मला वाटलं, काय अभिनय करतेय, आणि मी कॅमेरा बंद केला नाही. मास्तरांनी विळा टाकला, खोळ ओढून काढली आणि ओरडले, वहिनी. तेव्हा मला कळलं. तिच्या साडीवर आधीच इतकं लाल रक्त होतं की खरं कुठलं ते ओळखायला येत नव्हतं. खरं काळपट होतं, हे मी त्या दिवशीच पाहिलं होतं.

जीपमधून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तो पोशाख पाहिला आणि त्यांना वाटलं की अपघात झालाय. साखरेचा पाक पुसून काढायलाच नर्सला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं, मूल आहे, अजून आहे, पण हलायचं नाही. पडून राहायचं.

पिक्चरला शेवट नव्हता. आठ दिवसांनी तिनंच विषय काढला. म्हणाली की सगळ्यांनी महिनाभर घाम गाळलाय, मला उचलून न्या, मी मेलेली दाखवा. मी तेव्हाही नाही म्हणालो नाही. जीपमध्ये गादी टाकून, एकेका खड्ड्याला थांबत, आम्ही तिला तिथं नेलं, रुईच्या ढिगात निजवलं आणि लग्नांच्या शूटिंगच्या माझ्या कॅमेऱ्यानं मी एकच शॉट घेतला. मास्तर विळा घेऊन जवळ जायला तयार होईनात. ते लांबच उभे राहिले. मेलेल्या माणसासारखं निपचित कसं पडायचं हे तिला सांगावं लागलं नाही, आठ दिवस ती तेच करत होती. ती तुझ्यासाठी तशी पडली होती, मी मुलीला म्हणालो, आणि मी त्याला शेवट केला.

तिसरा टेक पिक्चरमध्ये ठेवायचा की नाही हा माझाच निर्णय होता. दुसरं काही नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे तो फार चांगला आला होता.

मुलीच्या हातातलं ताट तसंच होतं. वरणावर साय धरली होती. तिनं मला एकच विचारलं, आई हे कधी बोलली का. मी म्हणालो, कधीच नाही. तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली. मास्तरांनी मला जेवा म्हटलं. मी जेवलो नाही.

*

अर्ध्या तासानं आतून तिचा आवाज आला. मी दारात उभा राहिलो. ती नायिकेजवळ गेली आणि म्हणाली की हात पोटावर ठेवायचा नाही, थांबायचंही नाही, सरळ दाराकडे पळायचं. नायिका गोंधळली, म्हणाली की मी तर तेच पाठ केलंय. मुलगी म्हणाली, "तू फक्त पळ."

ती पळाली. दार उघडून उन्हात गेली. मुलगी म्हणाली, बस, झालं. कॅमेरा धरणाऱ्या पोरानं सांगितलं की फोकस जरा गेला होता, एक आणखी घेऊ. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या माणसानंही तेच म्हटलं. ती म्हणाली, मला हाच चालेल. तो माणूस तिला बाजूला घेऊन बराच वेळ समजावत होता. ती खाली बघून ऐकत राहिली आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाली.

पिक्चर आला. मोबाईलवर आला, त्यामुळे कुठं लागला, किती चालला, काही कळलं नाही. मास्तरांच्या दुकानात त्यांच्या नातवानं फोन भिंतीला टेकवून दाखवला. नवा गोणपाट्या चांगला होता. लोकांनी लिहिलं की जुना जास्त भीतीचा होता, नव्यातली शेवटची धाव कमी पडली, ती नजर पाहिजे होती. काहींनी मुलीला नावं ठेवली की बापाच्या पिक्चरचा जीवच काढून टाकला. मी ते सगळं वाचत बसायचो. एखाद्याला उत्तर लिहायला घ्यायचो आणि पुसून टाकायचो. कंपनीनं तिला पुढचं काम दिलं नाही. ते त्याच कारणानं की आणखी कशानं, तिनं सांगितलं नाही.

त्या काळात तिचे फोन कमी झाले. यायचे ते कामाचे. औषध घेता का, गॅस आला का. मी विचारलेल्याला हो-नाही. पूर्वी ती आईशी तासतास बोलायची आणि शेवटी, पप्पांना दे, म्हणायची. आता तेवढं शेवटचंच उरलं होतं. मला राग नव्हता. तिनं बोलायचंच टाकलं असतं तरी मी काय म्हणणार होतो?

दुसऱ्या वर्षश्राद्धाला ती आली. भटजी गेले, जेवणं झाली, बायका भांडी आवरून गेल्या. दुपार होती. ती तिच्या आईच्या फोटोसमोर सतरंजीवर बसली होती, मी पलंगावर. तिनं वर न बघता विचारलं, "त्या दिवशी जीपमध्ये आई काही बोलली होती का?"

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मास्तर पुढे ड्रायव्हरजवळ होते, त्यांनी ऐकलं नसावं. मी म्हणालो, बोलली होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी म्हणत होतो की चुकलं, मी थांबायला हवं होतं, असं काहीतरी, नुसतं बडबडत होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "कॅमेरा कोनाजोडे ठेवा?"

मुलीनं मान वर केली.

मी म्हणालो, शेडमध्ये एका पोराकडे दिलाय. ती म्हणाली की बरं झालं, परका आहे, हरवायला नको. मग दवाखाना येईपर्यंत ती काही बोलली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन जगलो असतो. पण तिला माझ्या कॅमेऱ्याची काळजी होती. इतकी वर्षं झाली, मला त्याचं काय करावं ते कळलेलं नाही.

मुलीला रडू आलं. आई गेली तेव्हा ती पाहुण्यांमध्ये, सामानात, फोनांमध्ये होती, तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी पलंगावरून खाली उतरून तिच्याजवळ बसलो. हात कुठं ठेवावा ते मला समजेना. तिनं माझ्या खांद्याला डोकं टेकवलं नाही, पण उठूनही गेली नाही.

चार वाजता ती चहा करायला उठली. स्वयंपाकघरातून विचारलं, साखर किती. मी म्हणालो, मी घेत नाही हल्ली. तिला ते माहीत नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. तपासणीत रक्तात साखर निघाली.

संध्याकाळच्या गाडीचं तिचं तिकीट होतं. तिनं ते रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला डॉक्टरकडे घेऊन गेली.